थोडक्यात वाचलो

मी पडलो तो मंगळवार होता आणि वेळ अकरा-चाळीसची. दुसरं लेक्चर संपलेलं आणि चहा यायच्या बेतात. स्टाफरूममधल्या फिरत्या खुर्चीत मी जरासा डावीकडे रेललो आणि पुढच्या क्षणी मला स्टाफरूमचं छत दिसलं. अकरा वर्षांत या छताकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. पाहिलं ते काही बरं झालं नाही. पंख्याच्या बाजूला प्लॅस्टरचा भारताच्या नकाशाएवढा पोपडा सुटला होता आणि त्यातला ईशान्य भाग नेमका मराठीच्या मॅडमच्या टेबलावर लोंबत होता.

“सर, ती खुर्ची डावीकडे देते,” शिपाईमामा चहाची किटली न सांडता म्हणाले. “आठवडा झाला.”

ज्यांना माहीत होतं ते त्या खुर्चीत बसतच नव्हते. मी चार दिवस रजेवर होतो. आमच्या कॉलेजात सुरक्षिततेचं ज्ञान असं तोंडी चालतं, घराण्यातल्या चिजांसारखं. रजा घेतली की माणूस परंपरेतून तुटतो.

कंबर धरून ऑफिसात गेलो. हेडक्लार्क मॅडमनी लांबलचक रजिस्टर उघडलं आणि चष्म्यावरून विचारलं, “कुठे मोडलंय?”

“कंबरेत चमक भरलीय. मोडलं नसावं.”

“खुर्चीचं विचारतेय.”

ते डेड स्टॉक रजिस्टर होतं. खुर्चीचा क्रमांक, खरेदीचं वर्ष, किंमत, आणि शेऱ्यात ‘एक चाक नाही, निर्लेखनासाठी प्रस्तावित’ असं त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं. मी विचारलं, “माझं कुठे लिहिणार?” मॅडम म्हणाल्या, “तुमचं कसं लिहू सर? तुम्ही डेड स्टॉक नाही.” आणि खात्री करून घ्यावी तसं क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

कॉलेजचं नाव सांगत नाही. विक्रोळीत आहे, एवढं पुरे.

घर कन्नमवार नगरात. ज्या मारोतराव कन्नमवारांच्या नावाची ही वसाहत, त्यांची मुख्यमंत्रिपदाची कारकीर्द जेमतेम वर्षाची. वसाहतीच्या पुनर्विकासाच्या मीटिंगा त्याहून कितीतरी जास्त चालल्यात. जिना चढून वर पोचलो तर बाबा दारातच. बाबा विक्रोळीतल्याच एका कारखान्यात टर्नर होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण चाल अजून सेफ्टी शूज घातल्यासारखी आहे. मी पडलो म्हटल्यावर त्यांनी ‘लागलं का’ विचारलं नाही. विचारलं, “सेफ्टी ऑफिसर कोण तुमच्याकडे?”

“नाही कुणी.”

“मग इन्क्वायरी कोण करणार?”

“कसली इन्क्वायरी? खुर्चीचं चाक गेलं होतं.”

“ते चाक गेलं कुठे?”

हा प्रश्न कॉलेजात कुणालाच पडला नव्हता. (चाक पुढे ग्रंथालयात सापडलं. खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून फटीत घातलेलं. खाडीचा वारा आमच्याकडे फार.)

बाबांच्या कारखान्यात बोटाला चिरा गेला तरी त्याची नोंद व्हायची. गेटवर पाटी होती आणि अपघाताविना किती दिवस गेले तो आकडा रोज सकाळी एक माणूस खडूने बदलायचा. ४ मार्चला, म्हणजे १९६६ साली ज्या दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली त्या दिवशी, सगळे लेथ थांबवून शपथ व्हायची आणि मग घोषवाक्यांची स्पर्धा. एका वर्षी ‘दहा बोटं घेऊन आलो, दहाच घेऊन जाणार’ या ओळीला बाबांना पहिलं बक्षीस मिळालं, स्टीलचा तीन ताळी डबा. आमच्या घरात साहित्याला मिळालेलं ते एकमेव पारितोषिक. मी मराठी साहित्यात एम.ए. केलं, पीएच.डी. केली, आणि त्याच डब्यातून पोळी-भाजी नेतो.

बाबांना त्यांच्या वेळचा १९४८चा कारखाने अधिनियम अजून तोंडपाठ आहे. हजार कामगार झाले की सुरक्षा अधिकारी. दर दीडशे माणसांमागे प्रथमोपचाराची एक पेटी. थुंकदाण्यांसाठी तर स्वतंत्र कलम, विसावं. थुंकदाणी सोडून दुसरीकडे थुंकलं तर पाच रुपयांपर्यंत दंड. आमच्या जिन्यात थुंकदाणी नाही. तिथे प्रत्येक वळणावर देवांच्या टाइल्स आहेत आणि त्याच काय त्या अंमलबजावणी करतात.

“पण कॉलेज म्हणजे कारखाना नाही, बाबा.”

“मग काय आहे?”

मी म्हटलं, बघून सांगतो. प्राध्यापकाला कुठल्याही प्रश्नाचं उत्तर आलं नाही की तो ग्रंथालयात जातो. गेलो. आणि तिथे असं कळलं की हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयालाही पडला होता, आणि एकदा नव्हे.

१९६३ साली दिल्ली विद्यापीठाच्या बसड्रायव्हरांचं प्रकरण आलं. मुलींना कॉलेजात नेणाऱ्या बस तोट्यात गेल्या म्हणून ड्रायव्हरना काढलं होतं. न्यायालय म्हणालं, विद्यापीठ हा ‘उद्योग’ नव्हे. निकाल लिहिला आपल्या साताऱ्याच्या गजेंद्रगडकरांनी. हेच गजेंद्रगडकर पुढे सरन्यायाधीश झाले, मग देशाच्या पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्ष झाले, आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. श्रम म्हणजे काय आणि विद्यापीठ म्हणजे काय, हे दोन्ही एकाच माणसाने इतक्या जवळून पाहिल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ज्यात होते त्या सात जणांच्या पीठाने, खटला बंगळूरच्या पाणीपुरवठ्याचा असताना, तो १९६३चा निकाल मोडीत काढला आणि शिक्षणसंस्था हासुद्धा उद्योगच असं ठरवलं. मला बरं वाटलं. ते बरं वाटणं १९८८पर्यंत टिकलं. त्या वर्षी गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की शाळा उद्योग असेल, पण शिक्षक त्या कायद्यातला ‘कामगार’ नव्हे. तो ना अंगमेहनत करतो ना कारकुनी. त्याचं ते व्रत.

रात्री जेवताना मी हे सगळं बाबांना समजावलं. ते आमटीत पोळी कुस्करत शांतपणे ऐकत होते.

“म्हणजे कॉलेज हा उद्योग,” ते म्हणाले, “आणि तू तिथे काम करत नाहीस.”

“तसं नाही…”

“मला वाटायचंच. पण सुप्रीम कोर्टाने सांगितलंय हे माहीत नव्हतं.”

दुसऱ्या आठवड्यात परिपत्रक निघालं. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची टीम येणार होती आणि कागदावर लागणाऱ्या सत्तावीस समित्यांत ‘आरोग्य व सुरक्षा समिती’ कमी पडत होती. प्राचार्य म्हणाले, निमंत्रक अनुभवी हवा. सगळ्यांनी माझ्या कंबरेकडे पाहिलं.

पहिल्या बैठकीत विषय एकच, ती खुर्ची. बाबांनी मला आदल्या रात्री पढवून पाठवलं होतं. धोका हाताळायची उतरंड असते. आधी धोकाच काढून टाका, म्हणजे खुर्ची फेका. ते नाही जमलं तर दुसरी खुर्ची द्या. तेही नाही, तर चाक लावा. नाहीच, तर पाटी लावा. आणि काहीच जमलं नाही तर माणसाला हेल्मेट घाला. वरून खाली यायचं, खालून वर नाही.

खुर्ची फेकता येईना, कारण निर्लेखन समितीची बैठक झाल्याशिवाय ती कॉलेजची मालमत्ता. चाक लावता येईना, कारण निर्लेखनासाठी प्रस्तावित झालेल्या वस्तूवर खर्च केला तर ऑडिटला काय सांगायचं? नवी घेता येईना, कारण स्टॉकमध्ये एक खुर्ची आहेच. उरली पाटी. ‘मोडकी खुर्ची’ लिहिलं तर नॅकवाले वाचतील म्हणून ‘कृपया जपून बसावे’ असा मजकूर एकमताने संमत झाला, आणि मामांनी तो कागद खुर्चीच्या बैठकीवर चिकटवला. जो बसेल त्याच्याखाली तो झाकला जायचा. हेल्मेटचा विषय पुढील बैठकीवर.

मग पाहणी दौरा. इतिहास विभागात एका एक्स्टेन्शन बोर्डातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, आणि तिसऱ्यावर विभागप्रमुखांची पाण्याची किटली, अशी मुघलांसारखी वंशावळ होती. दुसऱ्या जिन्याचं दार उघडेना, कारण पलीकडून पोलादी कपाट लावलेलं. देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्या विक्रोळीत बनल्या; पोलादाच्या बाबतीत आमची मान ताठ असते, आणि कपाटही तसंच, सहा माणसांना हललं नाही. आत काय, तर उत्तरपत्रिका. आग लागली की बाहेर पडायचं दार आम्ही चार वर्षांच्या सुक्या कागदाने अडवलं होतं. परीक्षा विभाग म्हणाला, गोपनीय आहेत, हलवता येणार नाहीत.

आग विझवायचे लाल सिलिंडर मात्र चोख. राज्याचा २००६चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे, त्याप्रमाणे जानेवारी आणि जुलै असं वर्षातून दोनदा परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे प्रत्येक सिलिंडरच्या गळ्यात ताजी चिठ्ठी होती. स्टाफरूमच्या सिलिंडरने दार अडवून धरलं होतं. तोच खाडीचा वारा. तो सिलिंडर भिंतीवर टांगायचा ठरला तेव्हा सगळ्यात मोठा विरोध स्टाफरूमचाच. दार आपटून कुणाचं बोट गेलं तर जबाबदार कोण? मुद्दा सुरक्षिततेचाच होता, नाही म्हणता येईना.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी जरा रेंगाळलो. तिथे कोपऱ्यात काचेच्या तीन फुग्यांचं किपचं उपकरण आहे. १८४४ साली किप नावाच्या डच गृहस्थाने काढलेलं, आणि आमचं त्याच साली घेतलं असावं. त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. शाळेत आपण सगळ्यांनी सडक्या अंड्याचा वास म्हणून पाठ केलेला. प्रयोगशाळेतले जुने सहायक म्हणाले, “सर, वास येतोय तोवर काळजी नाही. वास यायचा बंद झाला, की पळायचं.” मला वाटलं, काका गंमत करतायत. ती गंमत नव्हती. तो वायू वाढला की नाकाची जाणीवच मारून टाकतो. माणसाला वाटतं, चला, गेला एकदाचा. त्यानंतर कितीतरी दिवस मला बैठकांमध्ये हेच आठवायचं. आमच्यातल्या बऱ्याच जणांना छतावरचा पोपडा, बोर्डांची वंशावळ, कपाट, कशाचाच वास येत नव्हता. नवीन लागलेली तासिका तत्त्वावरची मुलगी पहिल्या दिवशी नाक मुरडायची. दिवाळीपर्यंत तिलाही यायचा बंद झाला.

बाबांना अहवाल द्यायचो. ते म्हणाले, “अपघात मोजू नका, हुकलेले मोजा.” त्यांच्या कारखान्याच्या भिंतीवर एक त्रिकोण टांगलेला असायचा. हाइनरिख नावाच्या अमेरिकन विमा कंपनीतल्या माणसाने १९३१ साली मांडलेला हिशेब: एका मोठ्या दुखापतीमागे एकोणतीस किरकोळ, आणि तीनशे वेळा नुसतंच काहीतरी होता होता राहिलेलं. हा आकडा सगळीकडे तंतोतंत बसतो असं हल्ली कुणी मानत नाही, पण बाबांचा हाइनरिखवर विश्वास आहे. “तुझं पडणं एकोणतिसातलं. तीनशे कुठायत?”

म्हणून मी स्टाफरूममध्ये एक दोनशे पानी वही ठेवली. वर लिहिलं, ‘थोडक्यात वाचलो’.

पहिले दोन दिवस कुणी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी पहिली नोंद आली, भूगोलाच्या सरांची. ‘कॉरिडॉरमध्ये पुसलेल्या ओल्या फरशीवर घसरलो, पण समोरून प्राचार्य येत असल्यामुळे नमस्कार केल्यासारखं झालं. निभावलं.’ मग धरण फुटलं. ‘ग्रंथालयातल्या शिडीची तिसरी पायरी नाही. सवयीने चौथीवर पाय ठेवला. सवय नसती तर?’ ‘एसीच्या खोक्यात कबुतराने घरटं केलंय, सर्व्हिसिंगला माणूस आला, उघडलं, बंद केलं आणि पैसे न घेता गेला.’ ‘शंभर मुलांच्या वर्गात माइक बंद. दोन तास ओरडून शिकवलं. घरी जाऊन दोन दिवस बोललो नाही. पत्नीने सुरक्षा समितीचे आभार मानलेत.’

शेवटची नोंद हसण्यावारी गेली खरी, पण घसा बसणं हा मास्तरांचा खरा धंद्यातला आजार आहे. टर्नरचे कान जातात, आमचा आवाज जातो. बाबांना कानात घालायचे बोळे तरी मिळायचे. आम्हाला ‘आवाज मागेपर्यंत पोचत नाही’ असा विद्यार्थ्यांचा अभिप्राय मिळतो.

काहींनी मात्र वहीचा अर्थ आपल्या सोयीने घेतला. ‘प्रवेश समितीतून थोडक्यात वाचलो.’ ‘कुलगुरूंच्या भाषणातून थोडक्यात वाचले, मुलाला ताप.’ एकाने तर नुसतं ‘१९९८, पुण्याची मुलगी’ एवढंच लिहिलं होतं. अक्षर ओळखीचं वाटलं, पण निमंत्रकाने गोपनीयता पाळावी.

आणि मग एका सोमवारी मराठीच्या मॅडमची नोंद. ‘सकाळी ८.१२ची स्लो चुकली. १५ मिनिटं उशिरा आले. माझ्या खुर्चीवर प्लॅस्टर पडलेलं. वेळेवर आले असते तर वाचले नसते.’ ईशान्य भाग अखेर खाली आला होता.

यावर खरी चर्चा व्हायला हवी होती ती छताची. झाली लेटमार्कची. मॅडमचं म्हणणं, उशिरा आल्यामुळे जीव वाचला, सबब लेटमार्क काढावा. ऑफिस म्हणालं, असा पायंडा पडला तर उद्या सगळेच जीव वाचवत बसतील. प्रकरण प्राचार्यांकडे गेलं. त्यांनी मध्यम मार्ग काढला. लेटमार्क कायम, मॅडमचं टेबल दोन फूट उजवीकडे.

समाजशास्त्राच्या सरांचा मुलगा डोंगरापलीकडे पवईला आयआयटीत आहे. ते म्हणाले, तुम्ही लोक उगाच बाऊ करता. १९५८चा कॅम्पस तो, एका अंगाला पवई तलाव, दुसऱ्याला विहार, पाठीशी राष्ट्रीय उद्यान. तलावात मगरी, रात्री बिबटे फिरायला येतात. २०१९च्या जुलैत तिथे एका विद्यार्थ्याला बैलाने उडवलं, आणि त्याच महिन्यात भर वर्गात शिरलेल्या गायीचा व्हिडिओ पवईचा म्हणून देशभर फिरला. त्या क्लिपमधली मुलं तिला बाहेर काढण्यापेक्षा शूटिंग करण्यात जास्त रमली होती. स्टाफरूममध्ये हे ऐकून जरा शांतता पसरली. ती भीतीची नव्हती, हेव्याची होती. त्यांच्या वहीत बिबट्या, आणि आमच्या वहीत शिडीची तिसरी पायरी. अनुदानातला फरक असा कुठे कुठे दिसतो.

आग लागल्यावर बाहेर कसं पडायचं याची रंगीत तालीम समितीच्या माथी होती. अग्निशमन सेवा दिन १४ एप्रिलचा. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले, त्यांच्या स्मरणाचा. पण १४ एप्रिल म्हणजे आंबेडकर जयंती. कॉलेजला सुट्टी, आणि अख्खी विक्रोळी रस्त्यावर निळी झालेली. म्हणून तालीम दुसऱ्या दिवशी. घंटा झाली. घंटा एकच, लेक्चर संपल्याची तीच, त्यामुळे कुणालाच काही वेगळं वाटलं नाही. मुलं नेहमीसारखी वर्गातून बाहेर पडली आणि नेहमीसारखीच गेटबाहेर वडापावच्या गाडीवर गेली. दोन मिनिटं दहा सेकंदांत सगळी इमारत रिकामी. अग्निशमन दलातून आलेल्या साहेबांनी घड्याळ पाहून शाबासकी दिली. एवढी शिस्त त्यांनी कुठे पाहिली नव्हती. मग त्यांनी विचारलं, आता परत येतील ना? मी म्हटलं, उद्या.

नॅकच्या आधी आठ दिवस प्राचार्यांनी वही मागवली. चाळताना दोनदा हसले, एकदा दचकले, आणि वही कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. त्या जागी नवी कोरी वही आली, जाड पुठ्ठ्याची, वर सोनेरी अक्षरात ‘अपघात नोंदवही’. नॅकच्या सदस्यांनी ती उघडून पाहिली. एकही नोंद नाही म्हणून कौतुकाने मान डोलावली. बाबांना सांगितलं तर ते गप्प बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “आमच्या पाटीवर कधी शून्य लिहिलं की पोरं चिडवायची त्याला. पण लिहायचा तो.”

निर्लेखन समिती अखेर मे महिन्यात बसली, उभ्या उभ्याच. खुर्ची भंगारवाल्याने नेली, साठ रुपयांना. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे लाल शाईत रेघ आली, सही आली, तारीख आली. माझी कंबर अजून पावसाळी हवेत बोलते, पण तिची नोंद कुठेच नाही.

परवा स्टेशनकडून येताना नव्या पुलाखालून चालत होतो. हा पूल व्हावा म्हणून विक्रोळीने वर्षानुवर्षं फाटकात उभं राहून वाट पाहिली. जून २०२५मध्ये एकदाचा सुरू झाला. त्याच्या सावलीत गाड्या लावतात, आणि त्यांवर लक्ष ठेवायला एक म्हातारबाबा बसतात. बसले होते ते आमच्याच खुर्चीत. पाठीवर आमचा पांढरा क्रमांक, बैठकीवर ‘कृपया जपून’ एवढं अजून चिकटलेलं. गेलेल्या चाकाच्या जागी त्यांनी लाकडाचा ठोकळा ठोकला होता.

मी जरा टक लावून पाहिलं असेल. ते उठले, उपरण्याने बैठक झटकली.

“बसा की साहेब घटकाभर. फक्त डावीकडं रेलू नका.”